राजकन्येचं युद्ध: विंडसरच्या किल्ल्यातली पाच वर्षं

शर्वरी_न:
सध्या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनबद्दल वाचतेय, पण आघाडीवरचं नाही, मागे घरी राहिलेल्यांचं. रेशन, खिडक्यांना काळे पडदे, सायरन, शहरातली मुलं गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून गाडीत बसवून गावाकडे अनोळखी घरात पाठवणं. वाचता वाचता एलिझाबेथपाशी, म्हणजे पुढे ब्रिटनची राणी झालेल्या राजकन्येपाशी, अडकले. ३ सप्टेंबर १९३९ला युद्ध जाहीर झालं तेव्हा ती १३ वर्षांची, धाकटी बहीण मार्गारेट ९ची. दोघी सुट्टीला स्कॉटलंडमध्ये होत्या, तिथेच नाताळपर्यंत राहिल्या. मग मे १९४०मध्ये त्यांना विंडसरच्या किल्ल्यात आणलं आणि युद्ध संपेपर्यंत त्यांचं मुख्य घर तेच. जगाला मात्र एवढंच सांगितलेलं की मुली 'गावाकडे कुठेतरी' आहेत. आईवडील दिवसभर लंडनमध्ये, रात्री बहुतेक वेळा विंडसरला परत.

१३ ते १९ हे वय. आपण त्या वयात काय काय केलं आठवून बघा. तिनं ते सगळं जाड भिंतींच्या आत, गव्हर्नेस, धाकटी बहीण आणि पहाऱ्यावरचे सैनिक यांच्यात काढलं, आणि शेवटी खाकी घालून ट्रकच्या बॉनेटमध्ये डोकं घातलं.

माझा प्रश्न असा की हे सगळं तिच्यासाठी खरं होतं का, की राजघराण्याची प्रतिमा सांभाळायला केलेली मांडणी? मला मनापासून वाटतं की खरं होतं, आणि पुढची सत्तर वर्षं ती जशी वागली त्याचं मूळ याच वर्षांत आहे. तुम्हाला काय वाटतं? ज्यांच्या घरात त्या काळाच्या आठवणी आहेत त्यांनी जरूर लिहा.

चहाबाज:
पहिला! चहा ठेवून येतो, हा धागा लांबणार.

कोरा_कागद:
शर्वरी, विषय छान घेतलास पण मी दुसऱ्या बाजूला. ती एटीएसमध्ये, म्हणजे बायकांच्या सहायक सैन्यात, कधी गेली? फेब्रुवारी १९४५. युद्ध युरोपात मेमध्ये संपलं. प्रशिक्षण काही आठवड्यांचं, आणि बाकीच्या मुली बराकीत झोपायच्या तेव्हा ही रात्री गाडीनं विंडसरला परत. एप्रिलमध्ये राजा, राणी आणि मार्गारेट बघायला आले, सोबत फोटोग्राफर. प्रत्येक फोटो जगभर छापला गेला. ती वाईट होती असं मी अजिबात म्हणत नाही, मुलगी बिचारी सांगितलं ते मनापासून करत असेल. पण त्याला 'युद्धातलं काम' म्हणताना बाकीच्या १,९०,००० बायकांचा विचार करा. एटीएसच्या ३३५ जणी त्या युद्धात मारल्या गेल्या.

टेम्सकाठची:
मी स्लाउला राहते, विंडसर नदीपलीकडे. घरी पाहुणे आले की किल्ला दाखवायला न्यावंच लागतं. तिथे गेलं की एक गोष्ट कळते जी फोटोत कळत नाही, ती म्हणजे तो किल्ला उबदार वगैरे अजिबात नाही. दगडी, उंच छताचा, हिवाळ्यात गार. युद्धात तिथली झुंबरं उतरवून ठेवली होती, काचेची कपाटं तोंड भिंतीकडे करून फिरवली होती, दिवे अगदी कमी ताकदीचे, आणि सायरन वाजला की तळघरातल्या आसऱ्यात जायचं. ज्या भागात विमानं लंडनवर जाताना वरून जातात त्या भागात हे. म्हणजे 'राजवाड्यात सुरक्षित' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे जे येतं तसं काही नव्हतं.

आणि राजवाडाही सुरक्षित नव्हताच. १३ सप्टेंबर १९४०ला बकिंगहॅम पॅलेसवर बॉम्ब पडले तेव्हा राजाराणी आत होते. ही बातमी तिकडे किल्ल्यात चौदा वर्षांच्या मुलीला कळली तेव्हा तिला काय वाटलं असेल. आईवडील दोघंही रोज त्याच शहरात जातात. घरातला माणूस पोस्टिंगवर असतो तेव्हा फोन वाजला की पोटात गोळा येतो, तेच.

कोरा_कागद:
टेम्सकाठची, मान्य. पण त्याच महिन्यात लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, म्हणजे कामगार वस्तीत, गल्ल्याच्या गल्ल्या गेल्या. तिथल्या मुलांना तळघरातला आसरा नव्हता, भुयारी रेल्वेचा प्लॅटफॉर्म होता.

अबोली८२:
दोघांचंही बरोबर आहे पण मला त्या वर्षातल्या एका गोष्टीवर थांबायचंय, कारण ती बाजूला राहते.

मुलींना कॅनडाला पाठवा असा आग्रह होत होता. श्रीमंत घरांतली पुष्कळ मुलं गेलीही. राणीनं, म्हणजे एलिझाबेथच्या आईनं, दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे: मुली माझ्याशिवाय जाणार नाहीत, मी राजाला सोडून जाणार नाही, आणि राजा कधीच जाणार नाही. हे आपण टाळ्या वाजवायचं वाक्य म्हणून वाचतो. पण पुढे काय झालं बघा. सरकारी योजनेतून सामान्य घरातली मुलं समुद्रमार्गे पाठवली जात होती. १७ सप्टेंबर १९४०च्या रात्री 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीनं बुडवलं. योजनेतली ९० मुलं होती, त्यातली ७७ गेली. जहाजाचं नाव आपल्या काशीचं, आणि खलाशांत मोठा भरणा आपल्याकडच्या लास्करांचा. त्यांतलेही कितीतरी गेले. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. योजना तिथेच थांबली.

यानंतर महिनाही झाला नव्हता, १३ ऑक्टोबर १९४०ला बीबीसीच्या मुलांच्या कार्यक्रमात एलिझाबेथ पहिल्यांदा रेडिओवर बोलली. चौदा वर्षांची. घर सोडून गेलेल्या मुलांना उद्देशून. आपल्या जिवलगांपासून लांब राहणं म्हणजे काय ते मला आणि मार्गारेट रोझला अनुभवानं माहीत आहे, असं ती म्हणाली. शेवटी बहिणीला 'ये मार्गारेट' म्हणून बोलावलं आणि दोघींनी मुलांना शुभ रात्री म्हटलं. आता त्या भाषणाचा मजकूर मोठ्यांनी लिहिला होता, अमेरिकेतल्या लोकांच्या कानावर पडावं हाही हेतू होता, सगळं खरं. पण ऐकणारी घरं कोणती होती? ज्यांनी नुकतंच आपलं पोर समुद्रावर पाठवलंय किंवा पाठवणार होते ती. प्रचार म्हणून जे करतात त्यातही कुणाचा तरी जीव अडकलेला असतो. मला ते रेकॉर्डिंग ऐकताना दर वेळी गलबलून येतं.

रानभूल:
अबोली, हे जहाजाचं माहीतच नव्हतं. ७७ मुलं. वाचून काही सुचत नाहीये.

वर्कशॉपवाले_नाना:
कोरा_कागद यांनी प्रशिक्षणाचा मुद्दा काढला म्हणून लिहितो. माझं आयुष्य फौजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलं. काही आठवड्यांत कुणी मेकॅनिक होत नाही, हे त्यांचं शंभर टक्के खरं. पण त्या कोर्सचा उद्देश मेकॅनिक बनवणं नसतोच. ड्रायव्हरला आपली गाडी कळली पाहिजे, रस्त्यात बंद पडली तर तिनं रडत बसू नये, एवढा उद्देश.

आणि त्या काळच्या गाड्या म्हणजे आजच्यासारख्या किल्ली फिरवली की चालल्या अशा नाहीत. गिअर टाकायचा तर डबल क्लच: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, इंजिनाला थोडी रेस द्या, परत क्लच दाबा, मग खालचा गिअर. चुकलं की गिअरबॉक्स ओरडतो आणि उस्ताद त्याहून मोठ्यांदा. थंडीत बॅटरी बसली की पुढून हँडल मारायचं, त्यात अंगठा हँडलला वेढून धरायचा नाही, चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिन उलट झटका देतं आणि अंगठा जातो. कडाक्याच्या थंडीत रात्री रेडिएटरचं पाणी काढून ठेवायचं नाहीतर गोठून ब्लॉक फुटतो. चाक बदलताना नट आधी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक. ब्लॅकआउटमध्ये हेडलाइटवर झाकण, फटीतून येणाऱ्या उजेडात चालवायचं, त्यापायी ब्रिटनमध्ये रस्त्यावरचे अपघाती मृत्यू वाढले होते.

ती हे शिकली. चाक बदलणं, इंजिन उघडणं, ट्रक आणि अँब्युलन्स चालवणं. हुद्दा सेकंड सबाल्टर्न, म्हणजे कनिष्ठ अधिकारी, नंबर २३०८७३. फोटोत तिचे हात बघा, ग्रीस लागलंय. एखाद्या मुलीला फक्त उभं करून फोटो काढायचा असता तर हात पुसले असते. माझं मत शर्वरीताईंच्या बाजूनं.

रानभूल:
नाना, आमच्या ह्यांना स्टेपनी बदलायचा कोर्स द्या ना, काही आठवडे लागले तरी चालतील.

चहाबाज:
नाना, नंबर पाठ आहे तुम्हाला!

वर्कशॉपवाले_नाना:
फौजी माणूस नंबर विसरत नाही, स्वतःचा असो की दुसऱ्याचा.

भैरवी_७:
धागा सुंदर चाललाय आणि मला तो मोडायचा नाहीये, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. आपण मराठीत, भारतात बसून त्या मुलीच्या रेशनबद्दल कळवळून लिहितोय. १९४३. त्याच राजाच्या अमलाखाली बंगालमध्ये अंदाजे ३० लाख माणसं भुकेनं आणि भुकेपाठोपाठ आलेल्या रोगांनी मेली. ब्रह्मदेश जपान्यांच्या हातात गेल्यावर तिकडचा तांदूळ बंद, किनाऱ्यावरच्या होड्या सरकारनंच जप्त केलेल्या, युद्धखर्चामुळे भाव आभाळाला, साठेबाजी, आणि लंडनमधून धान्याची जहाजं मिळेनात. आपल्याकडे ऑगस्ट १९४२ला गवालिया टँकवर 'छोडो भारत' झालं आणि नेते तुरुंगात. विंडसरला मुली पँटोमाइम, म्हणजे नाताळातली गमतीची नाटकं, करत होत्या. तिचा दोष नाही हे मला कळतं, ती सोळा-सतरा वर्षांची. पण होम फ्रंट म्हणताना आपला होम फ्रंट कुठे गेला?

शर्वरी_न:
भैरवी, धागा मोडला नाहीस, बरं झालं लिहिलंस. मला त्या मुलीबद्दल जे वाटतं ते बंगालचं कळल्यावर कमी होत नाही, आणि बंगालबद्दलचा संताप तिच्याबद्दल वाचून कमी होत नाही. दोन्ही एकाच वेळी मनात राहतात, राहू देत. एकाच सत्तेखाली एका बेटावर रेशनची पुस्तिका घराघरात पोचली, राजवाड्यालाही कुपनं लागली, आणि दुसरीकडे साधा तांदूळ पोचला नाही, हे शेजारी ठेवून बघायलाच हवं. वाटप करता येत होतं हे त्यातून दिसतं, त्यामुळे जिथे केलं नाही तिथली जबाबदारी आणखी स्पष्ट होते.

भैरवी_७:
हे पटलं. विशेषतः शेवटचं वाक्य.

माणगावचा_मी:
आपला होम फ्रंट म्हणालात तर आमच्या तालुक्याचं सांगतो. नाईक यशवंत घाडगे, पळसगावचे, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलै १९४४, इटलीत अपर टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर जवळून मशीनगन सुरू झाली, बाकी सगळे मेले किंवा जखमी. हा माणूस एकटा मशीनगनवर धावला, ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. मग लपलेल्या शत्रूच्या गोळीनं गेला. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. माणगावला तहसील कचेरीपाशी पुतळा आहे, आम्ही शाळेत असताना तिथे नेऊन सगळी गोष्ट सांगायचे.

आता धाग्याशी संबंध. त्याच महिन्याच्या शेवटी राजा सहावा जॉर्ज इटलीतल्या फौजांना भेटायला गेला. आणि तो देशाबाहेर असताना राजाच्या वतीनं सह्या करणाऱ्या काउन्सेलर्स ऑफ स्टेटमध्ये पहिल्यांदाच होती एलिझाबेथ, नुकती १८ पूर्ण. त्यासाठी १९४३मध्ये कायदा बदलला होता. म्हणजे आमचा घाडगे जिथे पडला त्या मुलखात तिचा बाप होता आणि ती मागे कागदांवर सह्या करत होती. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन वेगवेगळी प्रकरणं असतात.

रंकाळावेस:
माणगावचा_मी, मुजरा. कोल्हापूरकडून भर घालतो. आमच्याकडे वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियात हद्दपार केलेली, तिथून इराणमार्गे इकडे आलेली. स्वतःची शाळा, चर्च, दुकानं, नाटकं. शर्वरीताई, तुम्ही विंडसरच्या मुलांच्या नाटकाबद्दल लिहिणार असाल तर सांगतो, वळिवड्यातही पोलिश मुलींनी स्काउट-गाइडची पथकं चालवली. एलिझाबेथही गाइड होतीच. आमची आजी सांगायची, बाजारात ह्या गोऱ्या बायका मराठीत भाव करायच्या. गांधीनगर म्हणतात तो भाग तीच जुनी छावणी, नंतर तिथे सिंधी निर्वासित आले.

अबोली८२:
रंकाळावेस, यावर वेगळा धागा काढाच. आजीच्या आठवणी लिहून ठेवा, प्लीज.

मृद्गंध_लातूर:
मी वाचलं होतं की राजानं राजवाड्यातल्या टबांना पाच इंचांवर रेघ मारून घेतली होती, त्याच्यावर पाणी घ्यायचं नाही. कारण पाणी तापवायला कोळसा लागतो आणि तो वाचवायचा. १९४२च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या अध्यक्षांची पत्नी एलिनॉर रूझवेल्ट पाहुणी आली तिलाही तीच रेघ, आणि ती थंडीनं आणि साध्या जेवणानं थक्क झाली. पाच इंच! आमच्या लातूरला २०१६ला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही एका बादलीत आंघोळ करून तेच पाणी संडासाला वापरत होतो. राजाला आमच्याकडे पाठवायला हवं होतं, चार इंचांवर आणला असता.

चहाबाज:
लातूरकर हसवून डोळ्यांत पाणी आणतात, तेही वाचवून वापरा.

टेम्सकाठची:
पँटोमाइमचं राहिलं, ते सांगते कारण मला फार आवडतं. १९४१ ते १९४४ दर नाताळाला किल्ल्याच्या वॉटर्लू चेंबरमध्ये दोघी बहिणी नाटक करायच्या. सिंड्रेला, स्लीपिंग ब्युटी, अलादीन, आणि शेवटचं ओल्ड मदर रेड राइडिंग बूट्स. सोबत स्थानिक शाळेतली आणि लंडनहून आलेली मुलं. तिकीटविक्रीचे पैसे लोकर फंडाला, म्हणजे सैनिकांसाठी मोजे-स्वेटर विणायला लोकर घ्यायला. त्या दालनात लॉरेन्सनं काढलेली मोठाली राजामहाराजांची चित्रं असतात, ती बॉम्बच्या भीतीनं काढून नेली होती, नुसत्या चौकटी आणि मोकळ्या भिंती उरल्या. तर तिथे मुलांच्या गोष्टींतल्या पात्रांची मोठी चित्रं लावली. युद्ध संपल्यावर मूळ चित्रं त्यांच्यावरच परत टांगली, त्यामुळे ती कितीतरी वर्षं मागे तशीच होती. २०२०मध्ये मूळ चित्रं उतरवली तेव्हा परत दिसली.

रानभूल:
आणि १९४३च्या अलादीनला पुढच्या रांगेत फिलिप, तिचा पुढे झालेला नवरा!!! नौदलातून रजेवर आलेला. ही अलादीन झालेली. हे कुणी लिहिलंच नाही म्हणजे काय, सगळे रेशनवर बसलेत.

अबोली८२:
रानभूल, तुझीच वाट बघत होतो. फिलिप तेव्हा खरोखरचं युद्ध बघून आलेला होता, १९४१ला केप मातापानच्या समुद्री लढाईत व्हॅलियंट जहाजावर सर्चलाइट सांभाळत होता. तो रणांगणावरून येतो आणि ही रंगमंचावर मुलाच्या वेशात. पुढच्या वर्षांत पत्रव्यवहार वाढला.

ऑटवाकर:
कॅनडाला न गेलेल्या राजकन्येवर बोलताय तर गेलेलीचं सांगतो. हॉलंडची युलियाना मुलींना घेऊन इथे ऑटवाला राहिली. १९ जानेवारी १९४३ला तिसरी मुलगी मार्ग्रिट झाली. वारसाहक्कासाठी बाळ फक्त डच नागरिक असायला हवं, म्हणून कॅनडा सरकारनं हॉस्पिटलमधल्या तिच्या खोल्या तात्पुरत्या कॅनडाच्या हद्दीबाहेरच्या ठरवल्या. युद्धानंतर हॉलंडनं १,००,००० ट्यूलिपचे कंद पाठवले आणि अजूनही दर वर्षी पाठवतात. मे महिन्यात आमची सगळी मंडळी डबे घेऊन ती फुलं बघायला जातात. नॉर्वेचा राजपुत्र हारल्डही आई आणि बहिणींबरोबर अमेरिकेत होता, ७ जून १९४५ला परतला. म्हणजे जाणं हा पळपुटेपणा होता असं कुणी समजू नये, त्यांचे देश जर्मनांच्या ताब्यात होते, परतायला घरच नव्हतं.

तोक्यो_पुणेरी:
दुसऱ्या बाजूचंही एक पोर होतं. जपानचा युवराज अकिहितो, १९३३चा जन्म. त्याला वर्गमित्रांसकट आधी नुमाझु आणि मग निक्कोला हलवलं. १५ ऑगस्ट १९४५ला अकरा वर्षांचा असताना तिथेच रेडिओवर बापाचा आवाज ऐकला, शरणागतीचा. शरद ऋतू संपताना तोक्योला आला तेव्हा शहर जळून सपाट झालेलं. आयुष्यभर तो माणूस ओकिनावा, साइपान, पेलेलिऊ असा युद्धात मेलेल्यांना वंदन करत फिरला, शत्रूच्या मेलेल्यांनाही. शर्वरीताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच्यात मिळतं. त्या वयात बघितलेलं जात नाही.

कोरा_कागद:
अकिहितोचं उदाहरण फार चांगलं दिलंत. त्याच्याबाबत मी लगेच मान्य करतो, मग एलिझाबेथबाबत का अडतो, याचा विचार करतोय. मला वाटतं माझा आक्षेप तिच्यावर नाहीच, तुलनेवर आहे. चर्चिलची मुलगी मेरी बघा, १९२२ची. ती एटीएसमध्येच होती, विमानविरोधी तोफखान्यात, हाइड पार्कात तोफांवर. पंतप्रधानाची मुलगी जाऊ शकते तर राजाची का नाही?

भैरवी_७:
कारण गादीची वारस एकच होती. राजाला मुलगा नव्हता, भाऊ १९३६ला गादी सोडून गेलेला, दुसरा भाऊ ड्यूक ऑफ केंट ऑगस्ट १९४२मध्ये विमान अपघातात गेला. मी बाप असते तर मीही नाही म्हटलं असतं. तिनं एप्रिल १९४२मध्ये, सोळा पूर्ण झाल्यावर, इतर मुलींसारखं कामासाठी नाव नोंदवलं होतं, गाइडच्या गणवेशात. पुढे बराच काळ राजानं सैन्यात जाऊ दिलं नाही. म्हणजे उशीर झाला तो तिच्याकडून नाही.

वर्कशॉपवाले_नाना:
भैरवीताई, तुम्ही तिची बाजू घेताय!

भैरवी_७:
नाना, मी बंगालची बाजू घेतली होती. तिच्या विरुद्ध कधीच नव्हते.

तीळगूळ:
मुकुटातल्या रत्नांचं कुणी सांगितलं नाही! शाही मुकुटातले सगळ्यात मौल्यवान खडे काढून बिस्किटाच्या डब्यात घालून विंडसरच्या किल्ल्यातच जमिनीखाली पुरले होते, जर्मन उतरले तर हाती लागू नयेत म्हणून. ती पाच वर्षं त्यांच्यावरून चालत होती आणि तिला नेमकं कुठे, कसं, हे २०१८मध्ये एका माहितीपटाच्या वेळी कळलं, तेव्हा ती ९१ वर्षांची.

रानभूल:
आमच्या आईचे दागिने रव्याच्या डब्यात असायचे, सगळीकडे बायकांचं डोकं सारखंच.

टेम्सकाठची:
८ मे १९४५ची रात्र राहिली. युरोपातलं युद्ध संपलं, लंडन रस्त्यावर. राजाराणी बाल्कनीत येऊन येऊन हात हलवत होते. दोघी मुलींनी बाहेर जायची परवानगी मागितली आणि मिळाली. सोळाएक जणांचा घोळका. ती एटीएसच्या गणवेशात होती आणि ओळखू येऊ नये म्हणून टोपी डोळ्यांवर ओढली. त्यावर बरोबरच्या एका ग्रेनेडियर अधिकाऱ्यानं सांगितलं की गणवेश नीट न घातलेल्या अधिकाऱ्याबरोबर मी चालणार नाही, म्हणून टोपी सरळ करावी लागली. अनोळखी माणसं हातात हात घालून व्हाइटहॉलवरून चाललेली, आणि हीही त्यांत. मग परत राजवाड्यापाशी येऊन गर्दीत उभी राहून आईवडिलांना बाल्कनीत बघितलं, त्यासाठी आत निरोप पाठवला होता की आम्ही बाहेर उभ्या आहोत. हे तिनं स्वतः १९८५मध्ये बीबीसीला सांगितलंय.

मला यात तिच्या आयुष्याचं फार मोठं काहीतरी दिसतं. लोकांच्या बाजूनं बाल्कनी बघायला मिळालेली ती रात्र. नंतर सत्तर वर्षं ती बाल्कनीतच होती.

वर्कशॉपवाले_नाना:
टोपीचा किस्सा वाचून मन भरून आलं. त्या अधिकाऱ्यानं तिला राजकन्या नाही, अधिकारी मानलं. फौजेत यापेक्षा मोठा मान नाही. आणि गाडीचं म्हणाल तर ती नव्वदी ओलांडेपर्यंत स्वतः चालवत होती. १९९८मध्ये स्कॉटलंडमधल्या तिच्या बाल्मोरलच्या घरी सौदीचे युवराज अब्दुल्ला आले होते, तेव्हा तिनं त्यांना लँड रोव्हरमध्ये बसवलं आणि स्वतः चाकामागे. अरुंद रस्त्यावरून बोलत बोलत जोरात नेली, तो मनुष्य दुभाष्यामार्फत विनवत होता की कृपया समोर बघा. ब्रिटनच्याच एका राजदूतानं नंतर सांगितलेली गोष्ट. सौदीत तेव्हा बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती.

शर्वरी_न:
नाना, हे भारी आहे!

मूळ प्रश्नाकडे येते. कोरा_कागद, तुमचा मुद्दा मला हलवून गेला आणि तरीही माझं मत तेच आहे, उलट पक्कं झालं. ५ एप्रिल २०२०, कोविडचा लॉकडाउन. ९३ वर्षांची एलिझाबेथ टीव्हीवर बोलली, पुन्हा विंडसरहूनच. त्यात तिनं काय काढलं? १९४०चं ते मुलांसाठीचं भाषण. घरापासून दूर पाठवलेली मुलं, आणि आज पुन्हा माणसं आपल्या माणसांपासून दुरावलीत. ऐंशी वर्षांत तिनं केलेली हजारो भाषणं होती, त्यांतून हे निवडलं. ते सल्लागारांनी सुचवलं असेल हे गृहीत धरलं तरी बोलताना तिचा चेहरा बघा. मी त्या वेळी पुण्यात एकटी होते आणि आईबाबा सोलापूरला, रस्ते बंद. मला तिचं बोलणं लागलं, कारण तिला माहीत होतं.

कोरा_कागद:
२०२०चं भाषण मीही ऐकलं होतं. ठीक आहे, खरं होतं म्हणतो. सुरक्षित होतं हेही खरं, एवढं राहू दे.

शर्वरी_न:
राहू दे. दोन्ही लिहून ठेवू.

ऑटवाकर:
एक विचारायचं होतं. तिचं लग्न नोव्हेंबर १९४७चं, तेव्हाही कपड्यांवर रेशन होतं ना? मग तो एवढा मोठा ड्रेस कसा झाला?

अबोली८२:
होतं. कपड्यांचं रेशन जून १९४१ला सुरू झालं, पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. युद्ध संपलं तरी टंचाई संपली नाही, शेवटचं रेशन, मांसाचं, उठलं जुलै १९५४मध्ये, म्हणजे तिच्या राज्याभिषेकानंतरही वर्षभरानं. लग्नासाठी तिला सरकारनं २०० जादा कुपनं दिली. देशभरातल्या बायकांनी आपली कुपनं तिला पोस्टानं पाठवली, ज्यांच्याकडे स्वतःला कोट घ्यायला कुपनं नव्हती त्यांनीसुद्धा.

आणि ऑटवाकर, त्याच लग्नात गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचं विणलेलं एक कापड पाठवलं होतं, त्यावर 'जय हिंद'. स्वातंत्र्य मिळून तीन महिने झाले होते.

भैरवी_७:
गांधीजींनी हे पाठवलं यातच सगळं आलं. ज्या राजानं तुरुंगात घातलं त्याच्या मुलीला हातानं कातलेलं सूत.

ऑटवाकर:
आणि बायकांनी पाठवलेल्या कुपनांचं काय झालं, वापरली?

अबोली८२:
नाही. एकाची कुपनं दुसऱ्यानं वापरणं कायद्यानं गुन्हा होता, म्हणून सगळी आभाराच्या पत्रासह ज्याची त्याला परत पाठवली.